दारू, जुनी जखम आणि विस्कटलेली घरं: अमेरिका-कॅनडातल्या मूलनिवासी कादंबऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका आणि कॅनडातल्या मूलनिवासी लेखकांची पुस्तकं आता आपल्याकडेही सहज मिळतात. ती वाचणारे मराठी वाचक फिरून फिरून जे विचारतात, त्याची ही उत्तरं. यात कथानकं उघड केली आहेत. शेवट आधी कळला की ज्यांचा विरस होतो, त्यांनी हे पान पुस्तक संपल्यावर उघडावं.

प्रत्येक पुस्तकात कुणीतरी पीतच असतं. या लेखकांना दुसरा विषय नाही का?

विषय पुष्कळ आहेत. जमिनीचे वाद, शिकार, लफडी, बिंगो, हॉकी, चेटूक, शिवाय विनोद. पण तक्रार अगदीच खोटी नाही. एन. स्कॉट मोमाडे यांच्या 'हाउस मेड ऑफ डॉन'मधला (1968) एबल दुसऱ्या महायुद्धावरून परत येतो, तो बसमधून झिंगूनच उतरतो. न्यायला आलेल्या आजोबांनाही तो ओळखत नाही. या कादंबरीला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि जगाचं लक्ष या साहित्याकडे वळलं. जेम्स वेल्च यांच्या 'विंटर इन द ब्लड'चा (1974) निवेदक सुजलेला डोळा घेऊन घराकडे चालत असतो. बारमध्ये कशावरून जुंपली हे त्याला धड आठवतही नाही. त्याचा बाप दारू पिऊन घरी येताना वाटेतच गारठून मेलेला आहे.

तरी एकदा बाटलीवरून नजर काढून वेगळा प्रश्न विचारून बघा: या माणसाला लहानपणी वाढवलं कुणी? 'सेरेमनी'तल्या टायोला मावशीने. 'लव्ह मेडिसिन'मधल्या जूनला आधी मावशीने, मग मावशीच्या एकट्या राहणाऱ्या दिराने. 'इंडियन हॉर्स'मधल्या सॉलला आजीने, आणि ती गेल्यावर शाळेने. 'मेडिसिन वॉक'मधल्या फ्रँकलिनला रक्ताचं काहीच नातं नसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने. 'देअर देअर'मधल्या तीन भावांना आजीच्या बहिणीने. मूल आईबापांच्या हातून सुटून दुसऱ्या कुणाच्या हाती जातं, इथून या बहुतेक कादंबऱ्या सुरू होतात. दारू नंतर येते. माझ्या मते मूल हातून सुटणं हाच या साहित्याचा मुख्य विषय आहे. ते धरून वाचलं की 'सगळे बेवडे का' हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

दारू त्यांच्या रक्तातच आहे, असं ऐकलंय. खरं का?

नाही. ही जुनी आणि सोयीची समजूत आहे. दोष शरीरातच आहे असं म्हटलं की व्यापारी, सैन्य आणि सरकार यांचा हिशेब मांडायला नको. ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहण्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा दारूला अजिबात न शिवणाऱ्यांचं प्रमाण मूलनिवासींमध्ये गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं, आणि बेसुमार पिणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. दारूमुळे होणारे आजार आणि मृत्यू मात्र त्यांच्यात जास्त आहेत. त्याची कारणं गरिबी, दूरचे दवाखाने आणि मोडलेली कुटुंबं यांत शोधावी लागतात.

इतिहास बघितला तर दारू कातड्यांच्या व्यापाराबरोबर आली. लुईस अर्ड्रिक यांच्या 'लारोझ'मध्ये (2016) 1839 सालचा एक धागा आहे. त्यात एका व्यापाऱ्याच्या ठाण्यावर एक आई दारूच्या बदल्यात पोटची मुलगी देऊन टाकते. दुसरीकडे सरकारने 1832 पासून मूलनिवासींच्या मुलखात दारू विकायला बंदी घातली. ती राष्ट्रीय पातळीवर उठली थेट 1953 मध्ये. शंभरावर वर्षं चोरून आणि घाईघाईने प्यायची सवय लागली. वस्तीच्या हद्दीबाहेर बार उगवले. टायो आणि त्याचे दोस्त ज्या बारमध्ये बसतात, ते असेच हद्दीवरचे.

आणि दारूविरुद्धचा आवाजही त्यांच्यातूनच उठला होता. सेनेका जमातीच्या हँडसम लेक या पुढाऱ्याला 1799 मध्ये, स्वतः दारूपायी खाटेला खिळलेला असताना, दृष्टान्त झाला. त्याने सांगितलेला दारूमुक्तीचा आचारधर्म आजही काही लोक पाळतात.

या सगळ्यांत शाळेचं नाव सारखं का येतं?

कारण मुलं आईबापांच्या हातून सुटली ती मुख्यतः तिथे. 1879 मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथे निवासी शाळा काढली. मुलातला इंडियन, म्हणजे मूलनिवासी, मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे त्याचं धोरण होतं. केस कापले, नावं बदलली, मातृभाषा बोललं की मार. अमेरिकेत आणि कॅनडात अशा शाळांचं जाळं पसरलं. कॅनडात सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. बहुतेक शाळा चर्च चालवत होती, पैसा सरकारचा होता. शेवटच्या शाळा बंद झाल्या 1990 च्या दशकात. सत्य आणि समेट आयोगाने 2008 ते 2015 या काळात हजारो माजी विद्यार्थ्यांच्या जबान्या ऐकल्या. उपासमार, क्षयरोग, लैंगिक अत्याचार आणि शाळेच्या आवारातच पुरलेली मुलं, हे सगळं त्यात आहे.

कादंबरीकारांना मात्र छळाच्या यादीपेक्षा पुढची पिढी जास्त छळते. सहाव्या वर्षी उचललेलं मूल सोळाव्या वर्षी घरी परततं, तेव्हा त्याला आजीची भाषा येत नसते. रडणाऱ्या पोराला जवळ घेतात हे त्याने पाहिलेलंच नसतं. मग त्याला मूल होतं. मिशेल गुड यांच्या 'फाइव्ह लिटल इंडियन्स'मध्ये (2020) शाळेतून सुटलेली पाच मुलं व्हँकूवरच्या फुटपाथवर पोचतात. त्यातला केनी त्यांच्यातल्याच लूसीवर आणि आपल्या मुलीवर मनापासून प्रेम करतो, पण घरात टिकत नाही. महिनोन् महिने गायब होतो, परत येतो, पुन्हा जातो. वाचताना त्याचा राग येतो. यायलाच हवा, लूसीलाही येतो.

'इंडियन हॉर्स'मध्ये मुख्य गोष्ट लेखकाने शेवटपर्यंत लपवली. ही वाचकाची फसवणूक नाही का?

हा प्रश्न चिडून विचारला जातो आणि मला तो आवडतो, कारण पुस्तकाची किल्लीच त्यात आहे.

रिचर्ड वागामीज यांची ही कादंबरी 2012 ची. सॉल व्यसनमुक्ती केंद्रात बसून स्वतःची गोष्ट लिहितोय. ओजिब्वे जमातीतलं कुटुंब, आजीने त्याला छातीशी धरून थंडीत सोडलेला प्राण, मग सेंट जेरोम्स शाळा. तिथे एक तरुण पाद्री, फादर लेबूतिलिए, बर्फावरची हॉकी सुरू करतो. सॉल लहान आहे म्हणून त्याला खेळू देत नाहीत, पण बर्फ साफ करायचं काम तो मागून घेतो. पहाटे सगळे झोपेत असताना बर्फावर येतो आणि घोड्याची गोठलेली लीद पक, म्हणजे हॉकीची चकती, म्हणून वापरून फटके मारायला शिकतो. वाचक या पोराच्या प्रेमात पडतो आणि पाद्रीबद्दलही त्याला माया वाटते: त्या नरकात एकच माणूस तर बरा होता!

सॉल मोठा खेळाडू होतो. टोरंटोपर्यंत पोचतो. प्रेक्षक त्याच्यावर खेळण्यातले इंडियन फेकतात, वर्तमानपत्रं रानटी उपमा देतात, आणि तो हळूहळू फक्त मारामारी करणारा खेळाडू होऊन संघाबाहेर पडतो. मग दारू, वर्षानुवर्षं. वाचकाला वाटतं, कळलं, वंशद्वेषाने हा माणूस मोडला. कारण खरंच असतं, पण अर्धंच. अगदी उशिरा सॉल शाळेच्या पडक्या इमारतीपाशी जातो आणि तिथे त्याला आठवतं, तेव्हाच आपल्यालाही कळतं, की तो पाद्री त्याच्यावर अत्याचार करत होता. हॉकी ही त्या अत्याचाराची किंमत होती आणि त्याच्यापासून पळायची जागाही तीच होती.

म्हणजे लेखकाने आपल्यापासून लपवलं नाही, सॉलने स्वतःपासून लपवलं. आपण त्याच्या डोळ्यांनी बघत होतो म्हणून आपल्यालाही दिसलं नाही. मागे जाऊन ती पानं पुन्हा वाचा. पाद्रीच्या प्रत्येक प्रेमळ वाक्याखाली काहीतरी दबलेलं दिसेल. दारू का प्यायचा याचं उत्तर सॉल कुठेही थेट देत नाही. त्याच्याकडे ते नव्हतंच, कारण आठवणीचं दार बंद ठेवण्यासाठीच तर तो पीत होता.

वागामीज स्वतः अशा निवासी शाळेत गेले नव्हते, त्यांचे आईवडील आणि नातलग गेले होते. त्यांचं बालपण परक्या घरांत गेलं आणि आयुष्याचा बराच काळ दारूशी झगडण्यात. 2017 मध्ये ते वारले.

टायोला नक्की झालंय तरी काय? युद्धाचा धक्का एवढंच ना?

लष्करी इस्पितळाचे डॉक्टर तेवढंच म्हणतात. लेस्ली मार्मन सिल्को यांच्या 'सेरेमनी'त (1977) ते पुरत नाही.

टायो न्यू मेक्सिकोतल्या लगूना पुएब्लो या मूलनिवासी गावचा. आई लॉराने त्याला चौथ्या वर्षी बहिणीच्या दारात सोडलं. बाप गोरा, कोण ते माहीत नाही. मावशीने त्याला वाढवलं, खाऊपिऊ घातलं, पण तू आमचा नाहीस हे रोज जाणवू दिलं. गावात मान राखायचा म्हणून बहिणीचं पोर पदरात घ्यायचं आणि त्याच पोराकडे बघून बहिणीची लाज आठवत राहायचं. असली मावशी आपल्याला अनोळखी वाटायचं कारण नाही. मावसभाऊ रॉकी हा घराचा लाडका. फौजेत भरती होताना तो अधिकाऱ्यासमोर टायोला पहिल्यांदा 'भाऊ' म्हणतो. मग फिलिपाइन्सच्या जंगलात जखमी रॉकीला वाहून नेताना पाऊस थांबत नाही म्हणून टायो पावसाला शिव्याशाप देतो. रॉकी मरतो. इकडे जोसाया मामाही गेलेला. टायो घरी येतो तर गावात दुष्काळ. त्याची खात्री असते की हा आपल्याच शापाने पडला.

अशा माणसाला डॉक्टर सांगतात की फक्त स्वतःपुरता विचार कर. सिल्को यांचं म्हणणं उलटं आहे. टायोचा आजार त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून त्याच्या एकट्यावर उपचार करून भागणार नाही.

बारमधले प्रसंग नीट वाचा. युद्धावरून आलेले हे सगळे तरुण तेच तेच किस्से सांगत बसतात: गणवेश होता तेव्हा गोऱ्या पोरी कशा नाचायच्या, बारवाला कसा 'सर' म्हणायचा. गणवेश उतरला आणि मान संपला. न्यू मेक्सिकोत मूलनिवासींना मतदानाचा हक्कसुद्धा 1948 मध्ये, कोर्टात जाऊन मिळवावा लागला. त्यांच्यातला इमो मेलेल्या जपानी सैनिकांचे दात एका पिशवीत घालून फिरतो आणि बोलताना खुळखुळवतो. एकदा टायो फुटकी बाटली त्याच्या पोटात खुपसतो.

गावचा वैद्य कूऊश जुना विधी करतो, पण या युद्धासाठी तो अपुरा पडतो. मग गॅलप शहराच्या कडेला राहणारा बेटोनी भेटतो. याच्या झोपडीत वनस्पतींच्या जुड्यांशेजारी जुनी कॅलेंडरं आणि टेलिफोन डिरेक्टऱ्या रचलेल्या. विधी बदलत राहिले तरच जगतात, असं त्याचं मत. शेवटी एका रात्री टायो युरेनियमच्या खाणीपाशी लपून बसलेला असतो, समोर इमो आणि त्याचे साथीदार हार्लीचा छळ करत असतात. टायोच्या हातात स्क्रूड्रायव्हर आहे. तो उठत नाही. मित्राला वाचवायला न उठणं हा विजय कसा, यावर वाचकांत हमखास वाद होतो. मला तो भाग अजूनही पूर्ण पटत नाही. पण इमोला मारलं असतं तर टायो पुन्हा इस्पितळात किंवा तुरुंगात गेला असता आणि हिंसेचं चक्र पुढे चालू राहिलं असतं, एवढं खरं. खाणही उगाच निवडलेली नाही. जपानवर टाकलेले बॉम्ब न्यू मेक्सिकोतच लॉस अलामोसला तयार झाले, आणि लगूनाच्या जमिनीवर जॅकपाइल ही युरेनियमची प्रचंड खुली खाण 1953 ते 1982 चालली.

'लव्ह मेडिसिन'मध्ये कोण कुणाचं कोण, काही समजत नाही.

वंशावळ कागदावर काढा. सगळेच काढतात, नवीन आवृत्त्यांत तर छापलेलीच असते.

लुईस अर्ड्रिक यांची ही पहिली कादंबरी (1984), नॉर्थ डकोटातल्या ओजिब्वे वस्तीवरची. 1981 च्या ईस्टरला जून कॅशपॉ एका तेलकामगाराच्या गाडीतून उतरते आणि बर्फात घराच्या दिशेने चालायला लागते. पोचत नाही. बाकीचं पुस्तक म्हणजे जून नसलेल्या घराची गोष्ट. तिचा मुलगा किंग विम्याच्या पैशातून नवी गाडी घेऊन येतो. घरातलं कुणी त्या गाडीला हातही लावत नाही. त्या रात्री किंग पिऊन बायकोला मारायला उठतो, स्वयंपाकघरात झटापट होते आणि दिवसभर खपून सगळ्या बायकांनी केलेले 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) टेबलावरून खाली येतात. नर्सिंग शिकणारी अल्बर्टीन विखुरलेलं सारण चमच्याने कवचात भरून ते सांधायचा प्रयत्न करते आणि ते सांधत नाही. मृत्यू, इन्शुरन्स, मार, व्यसन यांबद्दल एकही शब्द न बोलता अर्ड्रिक यांनी एवढ्यात सगळं सांगून टाकलंय.

जूनचा नवरा गॉर्डी नंतर दारूतच बुडतो. एका रात्री त्याच्या गाडीखाली हरीण येतं. मेलं समजून तो ते मागच्या सीटवर टाकतो. हरीण शुद्धीवर येतं, तो त्याला ठार करतो, आणि नशेत त्याला वाटतं की आपण जूनला मारलं. तसाच मठात जाऊन ननपुढे कबुली देतो. जूनला तो आयुष्यभर मारत आला होता. कबुली खोट्या खुनाची, पण अपराध खरा.

जूनचा दुसरा मुलगा लिप्शा. त्याला जूनच्याच मावशीने, मरी आजीने वाढवलं आणि आईने तुला बुडवायला काढलं होतं असं सांगितलं. जून आपली आई हे गावात सगळ्यांना ठाऊक, त्यालाच नाही. ते त्याला सांगते लूलू, मरीच्या नवऱ्याची जन्मभराची प्रेयसी. म्हातारपणी मरी आणि लूलू मैत्रिणी होतात, लूलूच्या डोळ्यांत औषध घालायला मरी जाते. एवढ्या विस्कटलेल्या घरात एवढं हसू कसं येतं हे बघायचं असेल तर लिप्शाने टर्कीच्या काळजाचं वशीकरण करायला जाऊन आजोबांचा जीव कसा घेतला ते प्रकरण वाचा.

या पुस्तकांत बायका फक्त सोसतात का?

सोसतात, पितात, घर सोडून जातात, परत येतात. टॉमी ऑरेंज यांच्या 'देअर देअर'मधली (2018, ओकलंड शहर) जॅकी रेड फेदर स्वतः व्यसनमुक्तीची समुपदेशक, आणि दारू सोडून तिला फार दिवस झालेले नाहीत. परिषदेला गेली असताना हॉटेलच्या खोलीतला छोटा फ्रिज तिला छळतो, म्हणून ती तो उचलून सरळ स्विमिंग पूलमध्ये टाकते. तिची मुलगी हेरॉइनपायी गेली. नातवंडांना तिची बहीण ओपल वाढवते. ओपल टपाल वाटते, कडक आहे, कुणाला काही सांगत नाही. मला या कादंबरीत जॅकीपेक्षा ओपलच जास्त आठवते. जिने कधी थेंब घेतला नाही, तिच्या वाट्याला दुसऱ्यांच्या व्यसनाचं सगळं आवरणं आलं.

'ऐतिहासिक आघात' म्हणजे काय?

लकोटा समाजातल्या अभ्यासक मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी ही कल्पना मांडली. एका समाजावर पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या घावांचं दुःख व्यक्त करायलाच मिळालं नाही, तर ते पुढच्या पिढीच्या मनात आणि वागण्यात उतरतं, असा तिचा सारांश. कादंबरी वाचायला उपयोगी आहे, पण जपून वापरा. प्रत्येक पात्राच्या प्रत्येक चुकीवर हा शिक्का मारला की पात्र माणूस राहत नाही.

आपल्याच समाजाची अशी धिंड काढणं योग्य आहे का?

हे भांडण त्यांच्यात जोरात चालतं. न्यूझीलंडमध्ये ॲलन डफ यांच्या 'वन्स वेअर वॉरियर्स'ने (1990) तिथल्या मूलनिवासी माओरी घरातली मारहाण आणि दारू इतकी उघडी केली की काहींना ते धाडस वाटलं, काहींना गोऱ्यांच्या हाती दिलेलं कोलीत. 2009 मध्ये अभ्यासक ईव्ह टक यांनी एक खुलं पत्र लिहून बजावलं की समाजाची फक्त मोडतोड दाखवणारं लेखन, हेतू चांगला असला तरी, त्या समाजाला मोडकंच ठरवतं. त्याआधी ओजिब्वे लेखक जेराल्ड विझेनॉर यांनी केवळ तग धरण्यापलीकडचं, खोड्या काढत, हसत जिवंत राहणं हाच या साहित्याचा गाभा मानला होता.

मला विचाराल तर कसोटी सोपी आहे. पुस्तकातल्या माणसांना विनोद सुचतो का? अर्ड्रिक यांच्या माणसांना सुचतो, ऑरेंज यांच्याही. जिथे दुःखाशिवाय काहीच नाही तिथे मला लेखकाबद्दल शंका येते.

हा विषय अलीकडचाच ना?

नाही. पीक्वॉट समाजातल्या विल्यम एपेस यांचं आत्मचरित्र 1829 चं. चार-पाच वर्षांचे असताना दारूच्या नशेत आजीने त्यांना इतकं मारलं की हात मोडला. मग गोऱ्या कुटुंबांत राबणारं पोर म्हणून ते वाढले. आजीला दोष देऊन ते थांबत नाहीत. दारू कुणी आणली, जमीन कुणी नेली, हे लगेच विचारतात. पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांचा आराखडा त्या दोन-चार पानांत आहे.

शेवटी कुणी बरं होतं का?

होतात, पण आपल्याला सवय असलेल्या पद्धतीने नाही. सॉल केंद्रात जातो, पण बरा होऊ लागतो तो आपल्याला ठेवून घेणाऱ्या केली कुटुंबाकडे परतल्यावर. तेही त्याच शाळांतून गेले होते, हे त्याला तेव्हा कळतं. 'मेडिसिन वॉक'मध्ये (2014) सोळा वर्षांचा फ्रँकलिन लिव्हर सडलेल्या बापाला घोड्यावर बसवून डोंगरात नेतो, बापाच्या इच्छेप्रमाणे योद्ध्यासारखं पुरायला. बाप वाटेत सगळं कबूल करतो. मुलगा माफ करतो की नाही हे वागामीज सांगत नाहीत. तो बापाला पुरतो आणि म्हाताऱ्याकडे परततो.

'लारोझ' सगळ्यांत धाडसी. लँड्रोच्या बंदुकीतून हरणावर झाडलेली गोळी शेजाऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलाला लागते. दारू त्याने केव्हाच सोडलेली, तरी गावाला शंका. तो आणि त्याची बायको जुन्या रीतीने आपला पाच वर्षांचा मुलगा शेजाऱ्यांना देऊन टाकतात. तिथली आई नोला जीव द्यायच्या विचारात असते. हे पोर आणि त्या घरातली मुलगी मॅगी मिळून घरातल्या दोऱ्या, विषारी औषधं गुपचूप लपवत फिरतात. मूल हिसकावून नेण्याचा इतिहास असलेल्या समाजात मूल स्वतःहून देणं, हा फरक अर्ड्रिक यांना दाखवायचा आहे. त्या मुलावर मात्र अन्यायच होतो, असं मला वाटतं.

आपल्याकडच्या साहित्याशी याचं नातं जुळतं का?

ओढूनताणून जुळवू नका, पण दोन ठिकाणी जुळतं. पहिलं, मुलं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात 1897 मध्ये दुरुस्ती झाली आणि या जमातींच्या लहान मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय झाली. हा कायदा 1952 मध्ये गेला, पण लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (1980) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (1987) वाचताना त्याची सावली दिसते. दुसरं, दारू. ब्रिटिशांनी 1892 च्या कायद्याने ठाणे भागात मोहाच्या फुलांवर निर्बंध घातले. देवाला चढणारी घरची दारू गुन्हा ठरली आणि ठेकेदाराची दुकानं आली. 1922 मध्ये ठाणे, नाशिक, डांग, सुरत या पट्ट्यात आदिवासींनी देवीच्या चळवळीत दारू सोडली आणि त्या दुकानांवर बहिष्कार टाकला. हँडसम लेकच्या दृष्टान्ताशी याची तुलना खरंच होऊ शकते. आमचं दुःख आम्ही सांगू, तुम्ही मंचावर बसून सांगू नका, हे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' कवितेत मांडलं. ईव्ह टक यांचं पत्र वाचल्यावर ती कविता पुन्हा वाचा.

आम्ही कॅनडात असतो. मुलं 30 सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालून शाळेत जातात. त्यांना काय सांगू?

फिलिस वेबस्टॅड यांना 1973 मध्ये, सहाव्या वर्षी, आजीने घेतलेला नवा नारिंगी शर्ट निवासी शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला गेला आणि परत मिळाला नाही. एवढी गोष्ट लहान मुलांना पुरते. 2021 पासून तो दिवस तिकडे राष्ट्रीय पातळीवर पाळतात. 'इंडियन हॉर्स' सोळा-सतराच्या आत देऊ नका.

वाचताना स्वतःच्याच घरातलं आठवून त्रास झाला तर?

पुस्तक बाजूला ठेवा, संपवायची सक्ती नाही. बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. घरात कुणी पीत असेल, तर पिणाऱ्याइतकीच घरच्यांनाही मदत लागते. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये 1986 पासून हे काम चालू आहे.

सुरुवात कुठून करू?

इंग्रजी बेताचं असेल तर 'इंडियन हॉर्स', भाषा सोपी आहे. शहरातली गोष्ट हवी असेल तर 'देअर देअर', ते आवडलं तर त्याच माणसांची मागची-पुढची कथा सांगणारं 'वॉन्डरिंग स्टार्स' (2024). 'लव्ह मेडिसिन'ला सवड द्या आणि वंशावळीचं पान दुमडून ठेवा. 'सेरेमनी' पहिल्यांदा वाचताना मधल्या कवितांपाशी अडखळायला होतं. त्या गाळू नका, कारण टायोचं पुढे काय होणार हे त्या आधीच सांगत असतात. 'हाउस मेड ऑफ डॉन' सगळ्यांत शेवटी.